घरच्या आर्केडला एकच भरगच्च पॅनल की दोन सुटी?

घरी आर्केड, म्हणजे उभ्याने खेळायचं जुन्या व्हिडिओ गेमचं यंत्र, करायला घेतलं की कॅबिनेटचा सांगाडा उभा राहतो, स्क्रीन बसते, स्पीकर वाजायला लागतात आणि मग काम अडतं ते कंबरेच्या जरा वर असलेल्या त्या एका फळीपाशी, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसतात त्या पॅनलपाशी. दोन खेळाडू, दोन जॉयस्टिक, प्रत्येकी सहा बटणं, इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं. 1991 साली स्ट्रीट फायटर टू आलं, तेव्हापासून तीन ठोसे आणि तीन लाथांची सहा बटणं हा पायाच झाला. पेच त्याच्या पुढे आहे. पॅकमॅन 1980 चा, डाँकी काँग 1981 चा. त्यांना चारच दिशांची जॉयस्टिक लागते. कुणाला मिसाइल कमांडसाठी ट्रॅकबॉल, म्हणजे तळहाताने फिरवायचा गोळा, हवा असतो, कुणाला अर्कनॉइडसाठी स्पिनर, म्हणजे गरगर फिरणारी खुंटी. मग हे सगळं एकाच रुंद पॅनलवर मांडायचं, की काढता-घालता येतील अशी दोन पॅनल करायची, एक मारामारीच्या गेमचं आणि एक जुन्या गेमचं?

मी भुसावळला राहतो आणि माझ्या घरी दोन्ही होऊन गेली आहेत. आधी भरगच्च, आता सुटी. त्यावरून माझा कल कुणीकडे आहे ते कळेलच, पण पहिल्या पॅनलने दोन वर्षं घराला मनापासून आनंद दिला. त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून आधी त्याचं चांगलं सांगतो.

ते 38 इंच रुंद होतं. डावीकडे पहिला खेळाडू, उजवीकडे दुसरा, मधोमध वरच्या अंगाला चार दिशांची जॉयस्टिक आणि तिच्या खाली ट्रॅकबॉल. दिवाळीत सावद्याहून, चाळीसगावहून भाचे-पुतणे आले की कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. एक पोरगा मुस्तफा खेळून हरला की दुसरा त्याच दमात पॅकमॅन लावायचा. मध्ये थांबणं नाही, मोठ्या माणसाला हाक मारणं नाही. दोन जॉयस्टिकमध्ये जवळजवळ दोन फूट अंतर असल्याने कोपराला कोपर लागत नव्हतं. शिवाय मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचं 1993 चं कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, तिघांनी एकदम खेळता येतं. तिसरी जॉयस्टिक बसवायची तुमची इच्छा असेल तर रुंद पॅनलच सोयीचं, हे मला मान्य आहे. तुमच्याकडे मोठी खोली असेल आणि रोज पाच-सात पोरं जमत असतील, तर पुढचं सगळं वाचूनही तुम्ही भरगच्च पॅनलच केलंत तरी मी चुकीचं म्हणणार नाही.

चार दिशांची जॉयस्टिक वेगळी हवीच का, असं काही जण विचारतात. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅकमॅन चालतो, पण कोपऱ्यावर वळताना दांडी जराशी तिरकी गेली की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि पॅकमॅन वळायचं सोडून सरळ भुताच्या तोंडी जातो. पहिल्या दोन पातळ्यांत हे खपून जातं, वेग वाढला की नाही. काही जॉयस्टिकच्या बुडाशी असलेली चकती फिरवून आठच्या चार दिशा करता येतात. ती सोय चांगली आहे, पण त्यासाठी पॅनल उघडून खालून हात घालावा लागतो, आणि एकदा फिरवली की ती परत फिरवायचा कंटाळा येतो. आमच्याकडे ती महिनाभर चारवरच राहिली आणि पोरं स्ट्रीट फायटर लागत नाही म्हणून रुसून बसली. तेव्हा वेगळी जॉयस्टिक हवी, हे माझ्यापुरतं पक्कं आहे. ती कुठे बसवायची, हाच काय तो प्रश्न.

आता ज्या एका त्रासामुळे मी ते पॅनल उतरवलं तो सांगतो.

माझी थोरली बहीण अमळनेरला दिली आहे. नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमची जी कॅसेट घराघरांत होती, तिच्यातलं डाँकी काँग ती सुट्टीत तासन्‌तास खेळायची. मधली चार दिशांची जॉयस्टिक मी खरं तर तिच्यासाठीच बसवली होती. भाऊबीजेला ती आली, ओवाळून झालं, जेवणं झाली आणि ती पॅनलसमोर उभी राहिली. डावा हात जॉयस्टिकवर, उजवा हात तिच्या शेजारी मी मुद्दाम दिलेल्या उडीच्या बटणावर. पहिल्याच पिंपाजवळ मारिओने आपोआप उडी मारली आणि पिंप येऊन आदळलं. दुसऱ्या डावात शिडीपाशी तेच. तिसऱ्या डावात ती वैतागून म्हणाली, "मन्हा हात लागनाच नही, भाऊ!" आणि तिचं खरं होतं. उजवा हात जागचा हललाच नव्हता.

मी वाकून बघितलं तेव्हा कळलं. मधल्या जॉयस्टिकपर्यंत डावा हात न्यायचा तर तो पहिल्या खेळाडूच्या सहा बटणांवरून न्यावा लागतो. हात वरच्या वर धरून किती वेळ खेळणार? तो हळूहळू टेकतो. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, त्या पहिल्या बटणावर अलगद टेकत होत्या, किण् असा बारीक आवाज यायचा आणि मारिओ उडायचा. माझी बटणं हलक्या स्प्रिंगची, जपानी धाटणीची, 30 मिलिमीटरची. बांगडीचा भारसुद्धा त्यांना पुरतो. मारामारीच्या गेममध्ये हाच हलकेपणा हवाहवासा वाटतो.

उपाय निघतो, नाही असं नाही. मी मधली जॉयस्टिक आणि तिच्या शेजारचं बटण यांच्या तारा पहिल्या खेळाडूच्या तारांनाच जोडल्या होत्या, त्यामुळे कुठलं बटण दाबलं गेलं हे सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नव्हता. पुढे मी त्या सोडवून एन्कोडरवर, म्हणजे बटणांच्या तारा संगणकाला जोडणाऱ्या पट्टीवर, वेगळ्या टोकांना लावल्या आणि मेम या जुने आर्केड गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या-त्या गेमपुरती बटणं नेमून दिली. उडी थांबली. पण दर नव्या गेमला ते नेमून देणं आलं, आणि मनगटाखाली सहा उंचवटे राहिले ते राहिलेच. अर्धा तास खेळलं की हातावर गोल वळ उठायचे. बटणं निकामी करता येतात, नाहीशी करता येत नाहीत. ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली आणि त्याच आठवड्यात मी दुसऱ्या पॅनलचं माप घेतलं.

कुणी म्हणेल, मधली जॉयस्टिक खालच्या काठाशी आणा आणि ट्रॅकबॉल वर न्या. मी पुठ्ठ्यावर मांडून पाहिलं. हात सरळ येतो खरा, पण मग ट्रॅकबॉल फिरवताना तळहाताचा फटका जॉयस्टिकच्या गोळ्याला बसतो. 45 इंचांचं पॅनल केलं तर हेही सुटेल. मग ते दारातून आत न्यायचं कसं, हे आपल्या घराची दारं बघून ठरवावं.

सुट्या पॅनलचे त्रास वेगळे आहेत, आणि तेही सोसावे लागतात. पहिला त्रास तारांचा. प्रत्येक पॅनलवर स्वतःचा एन्कोडर ठेवला तर बदलताना एकच यूएसबी वायर काढून दुसरी लावायची असते, हे सोपं. पण दोन खेळाडूंना दोन एकसारखे स्वस्त एन्कोडर लावले तर कधीकधी चालू करताना पहिल्याचा दुसरा होतो आणि दुसऱ्याचा पहिला. मारामारीच्या पॅनलवर मी आता दोघांची बटणं एकाच कीबोर्ड-एन्कोडरवर घेतली आहेत. तेव्हापासून अदलाबदल झालेली नाही.

दुसरा त्रास बसण्याचा. पॅनल जरा जरी डुगडुगलं तरी खेळात मजा राहत नाही. पत्र्याच्या पेटीला असतात तशा ओढून बसणाऱ्या दोन कड्या मी आतून लावल्या आणि पुढच्या काठाला लाकडाची पट्टी दिली. बदलायला मिनिटभर लागतो. पोरांच्या उतावळेपणाला हा मिनिट मोठा असतो, हे खरं. थोरला पुतण्या आता स्वतःच बदलतो, धाकट्याला अजून हाक मारावी लागते.

तिसरा त्रास आपल्या भागाचा आहे आणि तो पुण्या-मुंबईची माणसं सांगणार नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि मार्चपासून जूनपर्यंत घरात कूलर चालू असतो. कूलरची ओली हवा एमडीएफच्या कापलेल्या कडा पितात. जे पॅनल वापरात नसतं ते कुठेतरी भिंतीला टेकून उभं असतं, आणि माझं नेमकं कूलरच्या वाऱ्यात होतं. जूनमध्ये त्याची खालची कड फुगली आणि ते खाचेत बसेना. रंधा मारून बसवलं, पण मग तिथली सनमायका टवकली. आता दोन्ही पॅनल 12 मिलिमीटरच्या प्लायची आहेत आणि कडांना रंग दिला आहे. वर 3 मिलिमीटरचं ॲक्रिलिक आहे. त्याची स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठी ठेवा, कारण जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत ते चांगलंच आकसतं-पसरतं, आणि घट्ट भोकापाशी तडा जातो.

जाड प्लायचा आग्रह धरू नका. 18 मिलिमीटरच्या फळीखाली जॉयस्टिक लावली की वर दांडी आखूड पडते आणि मिस्तरीकडून खालून खाच काढून घ्यावी लागते. खटक्याने बसणारी बटणंही जाड लाकडात धरत नाहीत, त्यांना पातळ पत्रा लागतो. लाकडाला आट्याची बटणंच बरी.

बटणांच्या ओळी सरळ की बोटांच्या वळणाने, यावर पुष्कळ वाद ऐकू येतात. मला वळणाच्या बऱ्या वाटल्या, माझ्या पुतण्याला सरळ. याने पॅनल बिघडत नाही.

भोकं पाडण्याआधी मांडणी करून बघायला आमच्याकडे एक फुकटचं साधन आहे. रावेर-यावल पट्ट्यातून केळी ज्या खोक्यांत भरून जातात, त्यांचा पुठ्ठा चांगला जाड असतो. तो पॅनलच्या मापाने कापायचा आणि त्यावर पाण्याच्या बाटलीची झाकणं चिकटवायची. झाकण जवळपास बटणाएवढंच असतं. जॉयस्टिकच्या जागी लाटणं धरून उभं करायला घरातलं कुणीतरी लागतं. असं चार दिवस कॅबिनेटवर ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला समोर उभं करा. तुमचा एकट्याचा हात मापाला धरू नका. मी पहिल्या वेळी स्वतःच्या हातावर सगळं बेतलं. माझ्या हातात घड्याळसुद्धा नसतं.

खर्चाचं म्हणाल तर सुट्या पॅनलला एक एन्कोडर, थोडी प्लाय आणि दोन कड्या जास्त लागतात. जॉयस्टिक तेवढ्याच लागतात, कारण भरगच्च पॅनलवरही तिसरी होतीच. वाचते ती रुंदी. कॅबिनेट 38 इंचांवरून 28 वर आलं आणि खोलीत पलंगाला जागा झाली. बदल्यात खेळाडू थोडे जवळ आले. दोन मोठी माणसं उभी राहिली की खांद्याला खांदा लागतो, तेवढी तडजोड करावी लागली.

ट्रॅकबॉलचं काय, हे राहिलं. तो मी छोट्या पॅनलवर उजवीकडे, जॉयस्टिकपासून बराच लांब ठेवला आहे. आमच्याकडे तो क्वचित वापरला जातो. तुमच्या घरी तो रोज लागणार असेल तर त्याला तिसरं पॅनल द्यावं असं मला वाटतं, पण हे मी केलेलं नाही, त्यामुळे ठामपणे सांगत नाही.

जुन्या गेमच्या पॅनलवर मधोमध चार दिशांची जॉयस्टिक आहे, तिच्या उजवीकडे दोन बटणं, आणि त्यापलीकडे ट्रॅकबॉल. डावीकडे काहीच नाही, नुसतं ॲक्रिलिक. सुरू करायचं आणि बाहेर पडायचं बटण कॅबिनेटच्या वरच्या पट्टीवर नेलं आहे, हात वर केल्याशिवाय पोहोचत नाही असं. गेल्या भाऊबीजेला ताई त्यावर सलग पाऊण तास खेळली. बांगड्या वाजत होत्या, पण ॲक्रिलिकवर. जाताना तिने डावीकडच्या त्या मोकळ्या जागेवर हात फिरवून सांगितलं, इथे काही बसवू नको हं.