कॉलेज कप: कॅरीला जायचं की कॅम्पसवरच मॅच बघायची?

मुलगा शाळेच्या सॉकर (म्हणजे आपल्या फुटबॉल) टीममध्ये खेळतो, त्याला एकदा कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा दाखवायची आहे, पण कुठल्या टप्प्यावर? अमेरिकेत राहणारे ओळखीचे आईबाप हे दरवर्षी विचारतात.

एनसीएए ही अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वात वरच्या गटाच्या, पुरुषांच्या सॉकर स्पर्धेत ४८ संघ असतात आणि हरला की घरी. क्वार्टर फायनलपर्यंतच्या मॅचेस कॉलेजांच्या मैदानांवर होतात. उरलेले चार संघ मग एकाच ठिकाणी जमतात, तो कॉलेज कप. २०२२ आणि २०२४ साली तो नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला होता, २०२३ साली लुईव्हिलला.

कॉलेज कपची मोठी सोय म्हणजे गाव आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे विमानाची तिकिटं वेळेत काढता येतात. कॅरीचं वेकमेड सॉकर पार्क साधारण दहा हजारांचं, विमानतळ जवळ, आणि त्या भागात मराठी घरंही बरीच. शेजारच्या मॉरिसव्हिलला तर २०२३ साली मेजर लीग क्रिकेटच्या मॅचेस झाल्या. अडचण एकच: सेमी फायनल शुक्रवारी, फायनल सोमवारी. म्हणजे दोन्ही बघायच्या तर मुलाची शाळा दोनदा बुडणार.

कॅम्पसचं गणित उलटं. जोड्या सोमवारी जाहीर होतात आणि पहिली फेरी लगेच गुरुवारी. गाडीने तीन-चार तासांत पोचता येत असेल तरच या भानगडीत पडा. थंडीही असते, थर्मासमध्ये चहा न्याच. पण माझं मत विचाराल तर मजा इथेच. ही स्पर्धा आठ वेळा जिंकलेल्या इंडियाना विद्यापीठाचं ब्लूमिंग्टनचं मैदान घ्या: भोवती सायकल शर्यतीचा ट्रॅक, त्यामुळे प्रेक्षक जरा लांब, तरी विद्यार्थ्यांचा गलका काही कमी होत नाही. इतरत्र तर कठड्याला टेकून डिफेंडर एकमेकांना काय ओरडून सांगतात तेही ऐकू येतं. मुलाला शिकायचं असेल तर ते हेच.

'सुरुवातीच्या फेऱ्यांत मोठे संघ लहानांना चिरडतात, काय बघायचं?' असंही कोणी म्हणेल. २०२४ साली मानांकन नसलेला व्हरमाँट अशाच फेऱ्या पार करत कॅरीला पोचला आणि फायनलमध्ये जादा वेळेत मार्शलला २-१ ने हरवून विजेता ठरला.

कॅलिफोर्नियात किंवा टेक्सासमध्ये असाल आणि वर्षातून एकच सहल परवडणार असेल, तर मात्र कॉलेज कपच. त्यातही शुक्रवार निवडा: एका दिवसात दोन मॅचेस, चार संघ. फायनल घरी टीव्हीवर बघता येईल.