तिकीट ३५०, ऑक्टोपसला लपायला मडकंही नाही

पश्चिम उपनगरातल्या एका मॉलमधलं मत्स्यप्रदर्शन रविवारी बघून आलो. नाव घेत नाही. तिकीट ३५०, एसी गारेगार, छोट्या शार्कची टाकी बरी. पण भाचीला ऑक्टोपसच बघायचा होता.

ऑक्टोपसची टाकी आमच्या फ्रिजएवढीसुद्धा नाही. तळाला निळे प्लास्टिकचे खडे, वर भगभगीत ट्यूबलाइट. तो कोपऱ्याला चिकटलेला, पांढराफटक. पोरं काचेवर टकटक करतायत, आईबाप फ्लॅश मारतायत. भाचीने तळवा नुसता काचेला टेकवला, तर एक हात हळूच सरकत तिथे आला आणि बारक्या वाट्या एकेक करून काचेला लागल्या. ती श्वास रोखून उभी.

या प्राण्याला सुमारे ५० कोटी चेतापेशी, त्यातल्या बऱ्याचशा हातांतच. २०२१ च्या एका प्रयोगात, झोंबणारं इंजेक्शन ज्या कप्प्यात मिळालं तो ऑक्टोपसांनी नंतर टाळला. बधिरतेचं औषध जिथे मिळालं, तिथे मात्र ते रमले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपस आणि माकूल दोघांनाही संवेदनशील प्राणी धरलंय. (माकूल मी खातो, आईच्या हातचं सुकं तर नक्कीच. उगाच सोवळेपणा नको.)

काउंटरवरच्या दादांना म्हटलं, आत निदान एक मडकं तरी ठेवा.

"मग तो दिसणार कसा साहेब? लोक पैसे परत मागतात."

तक्रारवही मिळाली, पेन माझंच. दोन स्टार, दोन्ही शार्कच्या टाकीचे.