सेकंड-हँड काइटच्या नादात माझे 46 हजार कसे गेले

गेल्या आठवड्यात खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर मला तीच जाहिरात पुन्हा दिसली. काइटसर्फिंगची, म्हणजे बोर्डावर उभं राहून वाऱ्याने पाण्यावर ओढत नेणारी, केशरी-पांढरी काइट, मागे अर्धवट रंगवलेली कंपाउंडची भिंत आणि खाली मजकूर: ‘12 मीटर, 2021 मॉडेल, फक्त 8-10 वेळा वापरलेली, पूर्ण सेट, तातडीने विकणे आहे.’ (12 मीटर म्हणजे कापडाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये.) माझ्या वेळी मॉडेल 2019 चं होतं आणि फोन नंबर दुसरा होता. भिंत मात्र तीच. म्हणजे हा माणूस अजून विकतोच आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गोव्यात मोरजीला तीन दिवसांचा काइटसर्फिंगचा कोर्स केला. तिकडे त्या दिवसांत सकाळी वारा नसतोच; दुपारी जेवणं उरकेपर्यंत वायव्येकडून तो धरायला लागतो आणि पाण्यावर एकेक काइट चढते. तिसऱ्या दिवशी मी बोर्डावर उभी राहून जेमतेम पंधरा-वीस मीटर गेले असेन. घरी परतले ती आपला स्वतःचा सेट हवा हा ध्यास घेऊनच. नव्या काइट, बार (काइटच्या लाइन्स, म्हणजे दोऱ्या, जोडलेला हातातला दांडा), बोर्ड, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि पंपाची बेरीज दोन लाखांच्या पुढे जात होती. माझ्याकडे बाजूला काढलेले 50 हजार होते.

तेव्हा ही जाहिरात दिसली. सगळा सेट मिळून 48 हजार. फोनवर माणूस अतिशय गोड बोलला. पहिल्या वाक्यापासून ताई. परदेशात नोकरी लागली आहे, विमानात एवढं सामान नेता येत नाही, म्हणून कमी किमतीत देतोय. माझं वजन विचारलं. 57 किलो म्हटल्यावर म्हणाला, “ताई, मोठी काइट हळू वळते. शिकणाऱ्याला हळू वळणारीच सोपी.” मोठी काइट हळू वळते हे खरंच आहे, म्हणून मला ते पटलं. ती मला किती जोराने ओढेल, हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

मी म्हटलं, मोरजीच्या सरांना फोटो दाखवून कळवते. त्यावर तो जे बोलला ते मला अजून शब्दशः आठवतं. “दाखवा ना ताई, पण ते लोक त्यांचाच माल खपवायला बघणार. जुनं घेऊ नका असंच सांगतील, त्यांचं कमिशन जातं.” मी फोटो दाखवले नाहीत. मला वाटतं, माझी फसवणूक खरी इथे झाली. पैसे नंतर गेले. जे लोक पाच मिनिटांत खरं-खोटं सांगू शकले असते, त्यांच्यापासून त्याने मला एका वाक्यात तोडलं. संध्याकाळी त्याने दुसऱ्या कुणीतरी टोकन पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला, “तुम्हाला शब्द दिलाय म्हणून थांबलोय” असं म्हणाला आणि वर दोन हजार कमी केले. मी 15 हजार लगेच पाठवले. उरलेले 31 हजार सामान ट्रान्सपोर्टला टाकल्याची पावती आल्यावर.

सामान आलं, हेही सांगायला हवं. बॉक्स रिकामा नव्हता. म्हणूनच मला अकरा दिवस काहीच कळलं नाही.

पहिल्या रविवारी मी आणि धाकटा भाऊ ते घेऊन अलिबागला गेलो. किनाऱ्यावर ही गर्दी, घोडागाड्या, वाळूत खेळणारी पोरं. एका कडेला काइट फुगवली. वीसेक मिनिटांत मधली नळी, म्हणजे स्ट्रट, मऊ पडली. मला वाटलं, आपल्याला पंप नीट मारता आला नाही. पुन्हा मारला, पुन्हा मऊ. वाऱ्यानेही त्या दिवशी जोर धरला नाही, म्हणून गुंडाळून परत आलो. वारा असता तर मी ती उडवली असती. त्या पोरांच्या गर्दीत, भावाला हातात धरायला लावून. हा विचार आला की आजही पोटात गोळा येतो.

पुढच्या शनिवारी रजा जोडून मोरजी गाठलं. माझे सर पेडण्याकडचेच, शांत माणूस. बॅगेची चेन उघडली तसे ते काही बोलले नाहीत. काइट वाळूवर पसरली आणि पुढच्या जाड नळीवरून, म्हणजे लीडिंग एजवरून, हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

“बाय, ही घेऊन तू पाण्यात उतरलीस?”

“अजून नाही. अलिबागला फुगवून बघितली फक्त.”

त्यांनी मला बोलावून दाखवलं. आता शिकणाऱ्याच्या हातात ज्या काइट देतात, त्यांच्या लीडिंग एजला दोऱ्यांचं जाळं असतं, ब्रायडल. ब्रुनो लेगेन्यू यांची ‘बो’ घडणीची काइट 2005 च्या सुमारास बाजारात आली, त्यानंतर हा प्रकार रुळला. त्यात बार पुढे ढकलला की काइटची ओढ जवळजवळ संपते. माझ्या काइटला जाळं नव्हतंच, चारही लाइन्स थेट चार कोपऱ्यांना. ही जुनी सी-काइट. सी-काइट आजही बनतात आणि कसलेले लोक त्यांवर उड्या मारतात, पण त्यांची ओढ बार सोडूनही पुरती मरत नाही. आणि ही तर नवीनही नव्हती. मधल्या स्ट्रटवर 2019 लिहिलेला स्टिकर होता. सरांनी नखाने त्याचा कोपरा उचलला. खालच्या छपाईत 2004 होतं.

मग त्यांनी दोन्ही अंगठे कापडावर जवळजवळ टेकवले आणि बाजूला ओढले. टर्रकन फाटलं. जुनी चादर फाटते तसं, अगदी सरळ रेषेत. चांगलं कापड असं फाटत नाही. हातात चुरगळलं तर ते कोऱ्या कागदासारखं वाजतं आणि ओठांना लावून फुंकलं तर हवा पलीकडे जात नाही. माझ्या कापडातून फुंकर आरपार जात होती. उन्हाने ते आतून मेलेलं होतं.

तरीही या सगळ्यापेक्षा बारचं प्रकरण मला जास्त लागलं. सरांनी मला हार्नेस घालायला लावलं (तेही कुणा धिप्पाड माणसाचं, ओढलं की बरगड्यांवर चढायचं), चिकन लूप, म्हणजे बारखालची कडी, हार्नेसच्या हुकात अडकवली आणि समोरून लाइन्स धरून मागे झुकले. म्हणाले, “आता सोड.” म्हणजे क्विक रिलीज. काइट हाताबाहेर गेली की हे एकच साधन उरतं: मूठ पुढे ढकलायची, लूप उघडते, काइट एका लाइनवर लटकून वाऱ्यात लुळी पडते. मी ढकललं. हललं नाही. जोर लावला, दोन्ही हातांनी ढकललं. ढिम्म. सरांनी बाटलीतलं पाणी ओतलं, अंगठ्याने खटपट केली, तेव्हा फटीतून मिठाचा पिवळट खडा आणि चिमूटभर वाळू बाहेर आली आणि ती कशीबशी अर्धी सरकली. बार काइटच्या कंपनीचा नव्हता, त्यामुळे सुटली असती तरी काइट लुळी पडेल याची खात्री नव्हती. चारही लाइन्सची टोकं एका खुंट्याला अडकवून बार ताणला तर तो तिरपा. मागची एक लाइन चार बोटं आखूड. या रिलीजसाठी 2020 पासून आयएसओ 21853 हे मानक आहे. ताण असताना ती सुटली पाहिजे, याची चाचणी त्यात आहे. इथे तर ताण म्हणजे माणसाने धरून दिलेला झोका होता.

घरी आल्यावर फोन लावला. आधी वाजला, मग ब्लॉक, मग बंद. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार केली, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही. तिथे पहिला प्रश्न होता, पैसे कधी गेले. असे पैसे अडवायचे असतील तर काही तासांतच फोन करावा लागतो. पोलीस ठाण्यात म्हणाले, “वस्तू मिळाली आहे ना मॅडम?” मिळाली होती. तक्रार नोंदवून आहे, रुपया परत आलेला नाही.

कमी पैशांत सुरुवात करणाऱ्यांना मी चुका करून शिकलेलं सांगते. बोर्ड जुना चालतो. त्या सेटमधला बोर्ड चांगला निघाला, अजून वापरते. ओरखडे दिसले तरी चीर नाही ना आणि पायपट्ट्यांचे स्क्रू घट्ट बसतात ना, एवढं बघा. हार्नेस दुकानात किंवा स्कूलमध्ये घालून, लटकून बघितल्याशिवाय घेऊ नका. बारवर पैसे वाचवू नका. नवीन घ्या आणि काइटच्याच कंपनीचा घ्या. काइट दुसऱ्याची घेतली तर तीन-चार वर्षांहून जुनी नको. मापासाठी सरांनी मला सोपा हिशोब दिला: किलोमधलं वजन गुणिले 2.2, भागिले वाऱ्याचे नॉट्स. 57 किलोला 15 नॉट्समध्ये 8.4 च्या आसपास येतं. अंदाजच आहे तो, पण मला 12 मीटरची विकणारा काय करत होता, ते कळायला पुरेसा आहे.

विक्रेता दूरचा असेल तर व्हिडिओ कॉलवर काइट फुगवायला लावा, कॉल ठेवा आणि दोन तासांनी तीच काइट, तिथेच, पुन्हा बघा. ब्लॅडर (नळीतली हवेची पिशवी) किंवा व्हॉल्व्ह गळत असेल तर तेवढ्यात कळतं. कापड चुरगळून आवाज ऐकवायला सांगा. बारचा जवळून फोटो मागा, रिलीज उघडलेली आणि मिटलेली. माझ्या माणसाने एकोणीस फोटो पाठवले होते, त्यात बारचा एकही नव्हता, हे मी नंतर मोजलं. आणि जिथे शिकलात तिथल्या माणसाला फोटो पाठवाच. तो त्याचा माल दाखवेल कदाचित. दाखवू दे. ‘त्यांना विचारू नका’ असं विकणारा म्हणाला की फोन ठेवून द्या.

माझी काइट अजून झालेली नाही. बार नवीन घेतला, हार्नेस घेतलं. या मार्चमध्ये मोरजीला बारच्याच कंपनीची नऊ मीटरची भाड्याने घेऊन चार दिवस काढले. पाण्यात जाण्याआधी रोज वाळूवर उभं राहून लूप अडकवते, सरांना लाइन्स ओढायला सांगते आणि एकदा सोडून बघते. खट् आवाज झाला की परत जोडते आणि मग काइट उचलायला सांगते.