न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी: बारावीनंतर लगेच, की आधी बीएस्सी?

नीटचे गुण कमी पडले की घरात पॅरामेडिकलचा विषय निघतो. त्यात कुणीतरी न्यूक्लिअर मेडिसिनचं, म्हणजे किरणोत्सारी औषध शरीरात देऊन तपासणी आणि उपचार करण्याच्या शाखेचं, नाव घेतं आणि आजी विचारते, "किरणांचं काम, पोरीला झेपेल का गं?" आजीचं उत्तर पुढे देते. आधी अर्ज कुठे करायचा ते बघू.

एक वाट बारावीनंतरची. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीतली बीएस्सी मणिपालसारख्या ठिकाणी होते. तीन वर्षं शिक्षण, वर जवळपास वर्षभर इंटर्नशिप. चार वर्षांत पोरगी कामाला लागते. पण हा कोर्स फार थोड्या ठिकाणी आहे, आणि खाजगी विद्यापीठाची फी व हॉस्टेल यांचा हिशेब घरी बसून आधीच मांडावा लागतो.

दुसरी वाट लांबची. फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेऊन साधी बीएस्सी करायची, मग पदव्युत्तर पदविका किंवा एमएस्सी. मुंबईकरांना ही वाट दाराशीच आहे. परळला टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्समध्ये बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे. या क्षेत्रातले कित्येक जुने टेक्नॉलॉजिस्ट तिथल्या डीएमआरआयटी या, किरणोत्सारी समस्थानिकांचा वैद्यकीय वापर शिकवणाऱ्या, पदविकेतून आलेले आहेत. जागा मोजक्या आणि स्पर्धा तगडी. नंबर नाही लागला तर हातात निदान बीएस्सी असते. पहिल्या वाटेवर मधेच मन उडालं तर असा आधार नाही.

माझं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं, कारण रोजचं काम फिजिक्सचंच आहे. सकाळी हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, जनरेटर नावाच्या उपकरणातून टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य काढायचं. त्याला आम्ही 'मिल्किंग' म्हणतो, गाईचं दूध काढावं तसं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, सहा तास. म्हणजे आठला मोजलेला डोस दुपारी दोनला निम्मा. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८चं तर ११० मिनिटंच, त्यामुळे पेशंट उशिरा आला की सगळं गणित पुन्हा. ज्या पोरीला लॉगरिदमचा कंटाळा येतो, तिनं कुठलीच वाट धरू नये.

आता आजी. टेक्नॉलॉजिस्टच्या छातीवर किरणं मोजणारा टीएलडी बॅज असतो, त्यावरून अंगाला किरणांचा किती डोस लागला ते नियमित तपासतात. एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे किरणांच्या डोसाचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३०. शिसं, अंतर आणि झटपट हात, यावर सगळं चालतं. गरोदरपण लगेच कळवायचं, मग कामाची वाटणी बदलते.

अर्ज भरण्याआधी दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा. ही पदवी किंवा पदविका एईआरबीच्या अटीत बसते का? नसेल तर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोकरी मिळणं अवघड, मग विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो. विभाग चालू आहे का, तिथे गॅमा कॅमेरा आणि पेट-सीटी ही स्कॅनची दोन्ही यंत्रं आहेत का? विद्यार्थ्याच्या हातात जनरेटर देतात, की वर्षभर नुसतं काचेआडून बघायचं? शेवटचा प्रश्न ऑफिसात विचारू नका, इंटर्नशिप करणाऱ्या एखाद्या मुलीला कॅन्टीनमध्ये गाठून विचारा.

आणि आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, व्हायचं मनात असेल तर त्याचं प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं. कोर्स संपला की ते आपोआप मिळत नाही.