‘क्वाड’: मॉर्मन शास्त्रग्रंथांच्या एकत्रित आवृत्तीचे परीक्षण

मॉर्मन मंडळी बोलताना ज्याला ‘क्वाड’ म्हणतात तो दिसायला एकच जाडजूड ग्रंथ असला तरी त्यात चार ग्रंथ एकत्र बांधलेले असतात: किंग जेम्स बायबल, ‘बुक ऑफ मॉर्मन’, ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ आणि ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’. हे चारही ग्रंथ ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लेटर-डे सेंट्स’ या सॉल्ट लेक सिटीस्थित चर्चचे अधिकृत शास्त्र आहे आणि मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चर्चच्या सदस्यांची संख्या आज पावणेदोन कोटींच्या घरात आहे. मॉर्मन लोकांना ख्रिस्ती म्हणायचे की नाही, हा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुष्कळांनी हा ग्रंथ सलग वाचलेला नसतो. माझ्याकडे २०१३ च्या सुधारित पाठाची, काळ्या चामडी बांधणीची प्रत आहे. तिचे परीक्षण करताना त्या वादाला बगल देता येत नाही, कारण बायबल आणि बाकीचे तीन ग्रंथ एकाच पुठ्ठ्यात बांधणे हीच या वादातली एक बाजू आहे.

आधी वस्तूविषयी. अडीच हजारांहून अधिक पृष्ठे हातात मावावीत म्हणून कागद इतका पातळ वापरला आहे की मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसतात. खुणा करायच्या असतील तर पेन्सिलीनेच कराव्यात. मजकूर दोन स्तंभांत आहे आणि टाइप बारीक असला तरी सुवाच्य आहे. प्रत्येक वचनात तळटिपांची अक्षरे पुन्हा ‘ए’पासून सुरू होतात. ही पद्धत सुरुवातीला गोंधळात टाकते, पण सरावाने सोयीची वाटते. भाषा मात्र चारही ग्रंथांत जुन्या इंग्रजी बायबलच्या वळणाची आहे आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये ‘आणि असे झाले की’ इतक्या वेळा येते की चिकाटीच्या वाचकाचाही धीर सुटावा.

या आवृत्तीचे खरे सामर्थ्य तिच्या परस्परसंदर्भांत आहे आणि खरी अडचणही तिथेच आहे. १९७९ मध्ये चर्चने किंग जेम्स बायबलची स्वतःची आवृत्ती काढली. तिचा मूळ पाठ जसाच्या तसा ठेवला, पण अध्यायांना नव्या शीर्षटिपा दिल्या आणि तळटिपांतून बायबलची वचने बाकीच्या तीन ग्रंथांशी जोडली. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायात संदेष्टा यहूदाची आणि योसेफाची अशा दोन काठ्या हातात एकत्र धरतो. सर्वसाधारण भाष्यकार त्यात यहूदा आणि इस्राएल या दुभंगलेल्या राज्यांचे मीलन पाहतात. इथली शीर्षटीप मात्र कंसात सरळ सांगते की यहूदाची काठी म्हणजे बायबल आणि योसेफाची काठी म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’. वाचक मूळ वचनापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अर्थ त्याच्या हातात ठेवलेला असतो. श्रद्धाळू वाचकाला ही सोय वाटेल. ज्याला प्रश्न तपासून पाहायचा आहे त्याने शीर्षटिपा झाकून वाचावे, असे मी सुचवीन.

आता मुख्य प्रश्न. ‘बुक ऑफ मॉर्मन’ १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी छापले गेले. पहिल्या आवृत्तीच्या ५,००० प्रती काढल्या आणि छपाईच्या खर्चापोटी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण ठेवली. मोरोनी नावाच्या देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण देवाच्या सामर्थ्याने हे भाषांतर केले, असे या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे म्हणणे होते. ते ऐतिहासिकदृष्ट्या टिकते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि अमेरिकेच्या पुरातत्त्वात या कथानकाला आधार मिळत नाही, एवढे नमूद करून मी पुढे जातो. हा ग्रंथ शिकवतो काय, हे इथे महत्त्वाचे. मुखपृष्ठानंतरच्या पानावरच त्याचा हेतू दिला आहे: येशू हाच ख्रिस्त आहे याची यहुद्यांना आणि परराष्ट्रीयांना खात्री पटवणे. पतन, प्रायश्चित्त, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पुनरुत्थान या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. पुनरुत्थित ख्रिस्त अमेरिकेतल्या लोकांना दर्शन देतो आणि मत्तयातले डोंगरावरील प्रवचन थोड्याफार फरकाने पुन्हा सांगतो. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचे तर अध्यायच्या अध्याय उतरवलेले आहेत.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. सुरुवातीच्या पानांवर, सुवर्णपत्रे पाहिल्याचे सांगणाऱ्या तीन साक्षीदारांचे निवेदन छापलेले आहे. त्याच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना सन्मान अर्पण करून ‘जो एक देव आहे’ असे म्हटले आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’मधल्या मोसाया या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात अबिनादी हा संदेष्टा पिता आणि पुत्र यांच्यातला भेद जवळजवळ पुसूनच टाकतो. त्यातल्याच पहिला नेफी या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात १८३० च्या आवृत्तीत मरीयेला ‘देवाची माता’ म्हटले होते. १८३७ मध्ये ते बदलून ‘देवाच्या पुत्राची माता’ करण्यात आले. हा बदल या प्रतीच्या एकाही तळटिपेत नोंदलेला नाही. इतक्या बारकाईने तळटिपा देणाऱ्या संपादकांनी इथेच हात आखडता घ्यावा, हे खटकते. आजचे मॉर्मन वाचक ‘एक देव’ याचा अर्थ हेतूने आणि प्रेमाने एक असा लावतात आणि त्यासाठी योहानाच्या १७ व्या अध्यायाचा दाखला देतात. तो अर्थ शक्य आहे. परंतु १८३० चा मजकूर कोऱ्या मनाने वाचणाऱ्या कोणत्याही मेथडिस्ट पंथाच्या वाचकाला त्यात त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीच्या) विरोधात जाणारे काही चटकन सापडले नसते.

ते सापडते पुढच्या ग्रंथात. ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’च्या १३० व्या विभागात, म्हणजे १८४३ च्या शिकवणीत, पित्याला माणसासारखेच हाडामांसाचे शरीर आहे असे स्पष्ट म्हटले आहे, हा विभाग शास्त्रग्रंथात आला तो १८७६ च्या आवृत्तीत. ९३ वा विभाग सांगतो की माणसातली ‘बुद्धी’ कधी निर्माण केली गेलीच नाही. ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’मधल्या अब्राहामाच्या पुस्तकात तर सृष्टीची रचना ‘देव’ करत नाही, ‘देवांचा’ समूह करतो. माझ्या मते खरी फारकत इथे आहे. ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या नायसीआ येथील इ.स. ३२५ च्या परिषदेने सर्व काही निर्माण करणारा एक देव आणि बाकी सारी निर्मिती यांच्यात जी रेघ ओढली, ती रेघच इथे पुसली जाते. त्रैक्याची व्याख्या हा त्या मोठ्या प्रश्नाचा एक भाग आहे.

गंमत अशी की ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’च्या नावातला ‘डॉक्ट्रिन’ हा भाग ज्यांच्यावरून आला ती सात ‘श्रद्धेवरील व्याख्याने’ आता यात नाहीत. १८३५ च्या आवृत्तीत ती होती आणि त्यांतल्या पाचव्या व्याख्यानात पित्याला आत्मस्वरूप म्हटले होते. १९२१ मध्ये ती सगळी वगळण्यात आली.

‘बुक ऑफ मॉर्मन’ मानणे आणि नायसीआच्या परंपरेबाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा जिवंत पुरावा मिसूरीतल्या इंडिपेन्डन्स गावी आहे. जोसेफ स्मिथ यांच्या मृत्यूनंतर वेगळा झालेला आणि आज ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ या नावाने ओळखला जाणारा पंथ ‘बुक ऑफ मॉर्मन’ला शास्त्रग्रंथांत स्थान देतो, पण त्रैक्य मानतो. त्यांच्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’मध्ये वरच्या १३० व्या विभागाचा मजकूर नाही, बहुपत्नीत्वाविषयीच्या १३२ व्या विभागाचा मजकूर नाही आणि ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’ला शास्त्राचा दर्जाही नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल काउन्सिल ऑफ चर्चेसने त्यांना सदस्यत्व दिले. त्यामुळे ‘जास्तीचा ग्रंथ मानला की ख्रिस्ती धर्मातून बाहेर’ हा नेहमीचा युक्तिवाद मला पटत नाही. रोमन कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंटांच्या ६६ आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हनोखाचे पुस्तकही शास्त्र आहे. या फरकामुळे कोणी कोणाला बिगरख्रिस्ती ठरवत नाही.

बाप्तिस्म्याच्या बाबतीत मात्र दरवाजा दोन्हीकडून बंद आहे. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा वैध नसल्याचा निर्णय दिला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे शब्द तेच असले तरी त्यांमागचा देवाविषयीचा अर्थ वेगळा आहे, असे त्याचे कारण होते. त्यावरून मॉर्मन मित्र दुखावतात, हे मी समजू शकतो. तथापि याच क्वाडमधल्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’चा २२ वा विभाग १८३० सालीच सांगतो की इतर चर्चमध्ये शंभर वेळा बाप्तिस्मा घेतला तरी त्याचा उपयोग नाही. शेवटच्या ग्रंथातल्या जोसेफ स्मिथ यांच्या आत्मकथनात तर प्रचलित पंथांचे मतांगिकार (श्रद्धेच्या अधिकृत कबुल्या) देवाच्या दृष्टीने अमंगळ ठरवले आहेत. एकमेकांचे पाणी न मानणाऱ्या दोन घराण्यांनी ‘आम्हाला आपले म्हणा’ असा आग्रह धरण्यात काय अर्थ आहे, हे मला अजून कळलेले नाही. ख्रिस्ताला प्रभू आणि तारणारा मानून त्याच्या नावाने जगणाऱ्यांना मी ख्रिस्ती म्हणेन. नायसीआच्या मतांगिकारात उभे असलेले ख्रिस्ती मात्र म्हणणार नाही, आणि त्यांचे स्वतःचे शास्त्रही तसे म्हणवून घेऊ इच्छित नाही.

अब्राहामाच्या पुस्तकाविषयी खरेदीदाराला एक सूचना द्यायला हवी. त्यातल्या तीन चित्रांखाली छापलेले स्पष्टीकरण इजिप्तविद्येच्या अभ्यासकांना मान्य नाही. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून चर्चला परत मिळालेल्या, जोसेफ स्मिथ यांच्या संग्रहातल्या ज्या पपायरसवरून हे पुस्तक भाषांतरित केल्याचे ते सांगत त्याच्या तुकड्यांवरचा मजकूर मृतांच्या संस्कारांविषयीचा आहे, हे चर्चने आपल्या लेखात मान्य केले आहे. पुस्तकातल्या चित्रांखाली मात्र त्याचा मागमूस नाही.

कोणी घ्यावा? तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याला, विशेषतः धर्मोपदेशकांना आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, क्वाड निःसंशय उपयोगी आहे, कारण एका वचनावरून दुसऱ्या ग्रंथातल्या वचनावर जाण्याची इतकी चांगली सोय दुसरीकडे नाही. नुसती ओळख हवी असेल तर चर्चचे ‘गॉस्पेल लायब्ररी’ हे ॲप मोफत आहे आणि त्यात हे चारही ग्रंथ तळटिपांसह मिळतात. पाठांतले जुने बदल पाहायचे असतील तर दोन्ही अपुरे पडतील; त्यासाठी येल विद्यापीठाने २००९ मध्ये छापलेला ‘बुक ऑफ मॉर्मन’चा आद्य पाठ शेजारी ठेवावा. वाचायला पहिल्या नेफीपासून सुरुवात केली तर बहुतेक जण दुसऱ्या नेफीतल्या यशयाच्या अध्यायांत अडकतात. त्यापेक्षा तिसऱ्या नेफीचा ११ वा अध्याय आधी वाचावा आणि लगेच ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’चा १३० वा विभाग उघडावा.