कमाल-किमान तापमापक : दोन उन्हाळे वापरल्यानंतर

जळगावात शालेय प्रयोगशाळांचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून मी साडेसातशे रुपयांना कमाल-किमान तापमापक घेतला, त्याला आता दोन उन्हाळे झाले. रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेत मे महिन्यात पाने करपतात, आणि त्या दिवसाचे तापमान पाहावे तर एका वर्तमानपत्रात भुसावळचे ४७ अंश, तर दुसऱ्यात ४४.५ छापलेले असते. शेजारचे आप्पा यावर म्हणतात, "आजचा आकडा ज्यांना धड सांगता येत नाही, ते शंभर वर्षांत पृथ्वी तापली हे कशाच्या जोरावर सांगतात? भुसावळ काय आजच तापायला लागलं का?" आकडा निदान आपल्या बागेपुरता तरी आपणच मोजावा, या हट्टाने ही खरेदी झाली.

यू आकाराच्या काचेच्या नळीत पारा आणि अल्कोहोल, आणि पाऱ्याने ढकललेली जागा धरून ठेवणाऱ्या दोन बारीक पोलादी काड्या, अशी ही रचना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स सिक्स यांनी केली. नोंद घेऊन झाल्यावर सोबतच्या चुंबकाने काड्या पुन्हा पाऱ्याला टेकवायच्या. आकडा मात्र काडीच्या पाऱ्याकडील, म्हणजे खालच्या टोकाशी वाचायचा असतो, आणि नेमकी हीच गोष्ट सोबतच्या माहितीपत्रकात नाही. पहिला आठवडाभर मी वरचे टोक वाचत होतो आणि रोज कित्येक अंश जास्त लिहीत होतो.

ही चूक एकट्या माझी नव्हे. लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेले ५८ अंश हे जगातील सर्वोच्च तापमान म्हणून नव्वद वर्षे मिरवत होते. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये ते रद्द केले, आणि नवख्या निरीक्षकाने याच जातीच्या तापमापकावरील काडीचे चुकीचे टोक वाचले असावे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने २९ मे २०२४ रोजी दाखवलेले ५२.९ अंशही तपासणीनंतर उपकरणातील सुमारे तीन अंशांची चूक ठरले. आप्पांना मी हे सांगितले ते एवढ्यासाठी, की आकडे फुगवायचेच असते तर हे दोन्ही विक्रम कोणी खोडले नसते.

दुसरा दोष जागेचा, आणि तो माझा. पत्र्याच्या पडवीत टांगलेला तापमापक ४९ दाखवी. सुताराकडून तिरप्या पट्ट्यांची, पांढऱ्या रंगाची, उत्तरेकडे दार असलेली पेटी करून ती मोकळ्या जागेत कमरेहून थोड्या उंचीवर उभी केली, तेव्हा त्याच दुपारच्या वेळी ४४ च्या आसपास आकडा येऊ लागला. वेधशाळांमध्ये अशीच पेटी असते. ती तापमापकाहून महाग पडली, पण तिच्याशिवाय ही खरेदी फुकट आहे.

यंदाचा मे गेल्या वर्षीपेक्षा सौम्य निघाला, तेव्हा "मग कुठे गेली तापमानवाढ?" असे आप्पांनी विचारलेच. खरे तर माझ्या दोन वर्षांच्या वहीतून तापमानवाढ सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. हवामानाची सरासरी साधारण तीस वर्षांची धरतात, तीही शक्यतो एकाच ठिकाणच्या नोंदींची, आणि केंद्र हलले किंवा उपकरण बदलले तर त्याचा फरक वजा करून. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून आहे, आणि १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. आकडा लहान वाटतो, पण तो संपूर्ण देशाच्या वर्षभराच्या सरासरीचा आहे. एखाद्या तापलेल्या दुपारचा नव्हे. जुन्या नोंदींवर अविश्वास असलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनी स्वतंत्र गणित मांडले, आणि २०१२ मध्ये तापमानवाढ खरी असून तिला मुख्यतः माणूसच कारणीभूत असल्याचे जाहीर केले.

उपकरणाला पाचपैकी साडेतीन गुण देईन. काच स्वच्छ आहे, अंशांच्या रेषा ठळक आहेत. माहितीपत्रकासाठी एक गुण कापला, आणि चुंबक इतका अशक्त की किमान बाजूची काडी दोन-तीनदा ओढावी लागते, म्हणून अर्धा. घरी आणताना मात्र तो उभाच धरावा. मोटारसायकलवर आडवा आणल्याने माझ्या पहिल्या नगातील पारा मध्येच तुटला होता, आणि दुकानदाराने तो कुरकुर न करता बदलून दिला.