ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल ७६५ आरएस: घाटात लाजवाब, मे महिन्यात जपून

या मोटरसायकलचा जीव तिच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात आहे. क्रँकपिन (पिस्टनचे दांडे क्रँकशाफ्टला जिथे जोडतात त्या खुंट्या) १२० अंशांवर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दर २४० अंश फिरण्याला एक ठिणगी. त्यामुळे ट्विनसारखी, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनासारखी, कमी आरपीएमलाही (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओढ मिळते आणि चार सिलिंडरसारखं इंजिन वरपर्यंत पळतं. १२,००० आरपीएमला १३० पीएस ताकद, ९,५०० ला ८० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. पण चाळीसगावहून कन्नड घाट चढताना कामाला येतो तो आरपीएमचा मधला टप्पा: वळणातून निघताना गिअर न पाडता नुसता थ्रॉटल उघडावा, गाडी गचका न देता उचलते. टोकाच्या पिस्टनांमुळे इंजिन डोलू पाहतं, ते बॅलन्सर शाफ्ट आवरतो.

अडचण उन्हाची. जळगावात पारा ४४ वर गेला की सिग्नलला पंखा थांबतच नाही, मांड्या भाजतात. त्यात रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, कापसाचे तंतू अडकले की तापमान आणखी चढतं. इंजिन थंड झाल्यावर मऊ ब्रश आणि कमी दाबाचं पाणी वापरा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप अजिबात नको, पातळ पाती वाकतात आणि हवाच अडते. कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) बोअरचं क्षारयुक्त पाणी घालू नका.

सीट ८३६ मिलिमीटर उंच, बुटक्यांनी आधी बसून पाहावं.